मापाचा डोळा

त्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे नकाशाबाईच म्हणत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक अरुंद खोली होती, खिडक्यांना काळे पडदे. मधे यंत्र आणि यंत्राच्या दोन अंगांना दोन स्टुलं. अलीकडच्या स्टुलावर बारा वर्षं नकाशाबाई बसत आली, पलीकडच्या स्टुलावर माणसं बदलत राहिली. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या गोल कड्यांकडं बघायचं.

"डोळे मोठे करा. अजून. सासूनं अचानक गुण गायला लागल्यावर होतात तेवढे. हां, आता हलू नका."

खट् आवाज व्हायचा आणि पडद्यावर नकाशा उमटायचा. शेताचा असतो तसाच, फक्त डोळ्याचा. सपाट तिथं निळा, मग हिरवा, पिवळा, आणि चढ लागला की लाल. खाली आकडा. जितका चढ जास्त तितका आकडा मोठा.

बुबुळावर जी पारदर्शक काच असते ती काही लोकांची एका जागी पातळ होत जाते आणि तिथंच पुढं फुगते. सायकलची ट्यूब झिजली की झिजल्या जागी फुगा येतो, अगदी तसं. डॉक्टर लोक त्याला केरॅटोकोनस म्हणतात. चष्म्याचा नंबर वर्षाला बदलतो, एका दिव्याचे तीन दिवे दिसतात, माणूस डोळे चोळतो आणि चोळून ते आणखी बिघडवतो. हा आजार सुरू कसा होतो, कुणात धावतो आणि कुणात रांगतो, हे शोधायला मोठ्या डॉक्टरांनी तीनशे माणसं धरली होती. निम्मी आजारी, निम्मी त्यांची धडधाकट भावंडं. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा नकाशा. किती वर्षं? तर जमेल तितकी. चिकाटीचं काम. बी पेरून रोज उकरून बघणाऱ्याचं हे काम नव्हे.

त्यात एक नियम दगडावरची रेघ होता. आकडा एकनं चढला की माणसाला लगेच आत घ्यायचं. डोळ्यात पिवळं औषध घालून वर जांभळा उजेड धरायचा, म्हणजे काच कडक होते आणि फुगणं थांबतं. मात्र काचेची जाडी चारशे मायक्रॉनच्या वर असली तरच. चारशे म्हणजे डोक्याचे पाच केस एकावर एक ठेवावेत एवढी. त्याच्या खाली गेली की जांभळा उजेड आतल्या नाजूक भागाला भाजतो. मग फक्त वाट बघायची, आणि शेवटी दुसऱ्या कुणाची काच बसवायची. म्हणून नकाशाबाईचा आकडा चुकून चालत नव्हतं. तिनं 'स्थिर' असा शिक्का मारला की माणूस सहा महिने कुणाला दिसत नसे.

आता यंत्र खरं बोलतं हे कशावरून? यंत्राबरोबर पोलादाचा एक पोकळ गोळा आला होता, सोळा मिलिमीटरचा. दर सोमवारी त्याचा नकाशा काढायचा, आकडा बेचाळीस पॉइंट दोन यायलाच हवा. शिवाय मोठ्या डॉक्टरांची एक हौस होती. ते म्हणत, गोळा मेलेला असतो, एक जिता डोळाही मापाला ठेवा. तो जिता डोळा होता बारकीचा. बारकी म्हणजे नकाशाबाईची धाकटी नणंद, खाली केसपेपरच्या खिडकीवर बसायची. सव्वीस वर्षांची, चष्मा नाही, पल्ल्याची नजर. तिचा उजवा डोळा त्रेचाळीस पॉइंट दोन. पाच वर्षं दर सोमवारी तोच आकडा. खाली सगळे तिला चिडवत, "बारके, तुझा डोळा म्हणजे सरकारमान्य किलोचं वजन."

मग एका सोमवारी गोळा नकाशाबाईच्या हातून फरशीवर पडला. घरंगळत कपाटाखाली गेला. काढून बघितला तर एका अंगाला चपटा झालेला, नकाशा वाकडातिकडा. तिनं नव्या गोळ्यासाठी भांडार विभागात कागद दिला आणि चपटा गोळा खणात टाकला. कागद भांडारात असा मुरला की लोणच्यानं लाजावं. मोठ्या डॉक्टरांना ती बोलली नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांच्या दारात कशाला उभं राहायचं? जिता डोळा होताच की.

दोन महिन्यांनी बारकीचा आकडा आला त्रेचाळीस पॉइंट पाच. नकाशाबाईनं यंत्राचं भिंग पुसलं, नकाशा पुन्हा काढला. पॉइंट पाचच. यंत्राच्या मिस्त्रीला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "जुनं झालंय बाई ते, जरा पुढं पळणारच. दुरुस्तीचा रकाना आहे ना, त्यात जेवढा फरक येतो तेवढा वजा टाका." तिनं पॉइंट तीन वजा टाकलं आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. लिहून ठेवायची खोड तिला पहिल्यापासून. पुढं पॉइंट पाच, पुढं पॉइंट आठ. वजा सुरू केल्यापासून दहाव्या महिन्यात एक पॉइंट एक. बारकीचा आकडा मात्र दर सोमवारी गुमान त्रेचाळीस पॉइंट दोन.

आणि मोठे डॉक्टर खुश. कधी नव्हे ते जिना चढताना शीळ घालू लागले. सहा वर्षं एकावन्नावर थांबलेल्या एका शिक्षिकेचा आकडा पन्नासच्या खाली आला होता. आणखी वीस-बावीस जणांचं तसंच. "बाई, लोकांच्या काचा सपाट होतायत! हे कुणी पाहिलेलं नाही. महिन्याभरात मी परिषदेत वाचणार आहे."

नकाशाबाई हसली, पण तिला ते पटलं नाही. बारा वर्षांत तिनं हा आजार थांबलेला पाहिला होता. माघारी फिरलेला एकदाही नाही.

त्याच दिवशी, सोमवारी, कटर मास्तर आला. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून मशीनच्या पात्यानं एकदम कापायचे, हे त्याचं काम. पहिल्या वर्षापासूनचा माणूस. डावा डोळा आजारानं अभ्यास सुरू व्हायच्या आधीच खाल्लेला, सगळी मदार उजव्यावर. अकरा महिन्यांपूर्वी अठ्ठेचाळीस पॉइंट सहा होता, गेल्या खेपेलाही तेवढाच. आता पॉइंट सात.

"स्थिर," म्हणून तिनं शिक्का उचलला.

"कोण स्थिर?" मास्तर म्हणाला. "बाई, खडूची एक रेघ मला दोन दिसतात. पातं कुठल्या रेघेवरनं चालवू? परवा चाळीस बाह्या एकदम तोकड्या झाल्या. मालक विचारतो, डोळे फुटले का? म्हटलं, एक फुटलाय, दुसऱ्याचा अभ्यास चाललाय."

"चष्मा तपासून घ्या."

"तीन महिन्यांत दोनदा घेतला. यंत्र तुमचं खोटं बोलतंय."

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार?"

"मग मी बोलतोय?" तो उठला. "मारा शिक्का. शिक्क्यानं दिसायला लागलं तर बरंच."

तिनं शिक्का मारला. तो भिंतीला हात लावत जिना उतरला. पूर्वी तो हात लावत नसे. हे तिनं पाहिलं आणि दुपारभर तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

संध्याकाळी घरी ती पालेभाजी निवडत बसली होती. नवरा फिटर, कारखान्यातून येऊन पाय धूत होता. बारकी कोपऱ्यात बसून गालावर आलेले केस एका हातानं मागं सारत होती, दुसऱ्या हातानं डोळा चोळत होती. बोटाचं पेर वाकवून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कणीक मळावी तसा.

"डोळा चोळू नकोस," नकाशाबाई सवयीनं म्हणाली. दिवसातून वीसदा तोंडात असणारं वाक्य.

"केसपेपरची धूळ गं वहिनी. खाज सुटते नुसती. वर्ष झालं असेल."

नकाशाबाईचे हात भाजीत थांबले.

"वर्ष?"

"असेल. कमीजास्त. काय झालं?"

ती नवऱ्याकडं वळली. "अहो, तराजूतला दगड जड झाला तर काय होतं?"

"कुणाच्या तराजूतला?"

"कुणाच्याही. सांगा ना."

"गिऱ्हाइकाचं फावतं," तो म्हणाला. "किलोला सव्वा किलो जातं. आणि दुकानदार समजतो, माल हलका झालाय. पण दगड जड होत नसतो. दगड काय जेवतो?"

तिच्या मनात गणित धाडधाड सुटत गेलं. यंत्र पुढं पळालंच नसेल तर? बारकीचा डोळाच चढला असेल तर? मग ती दहा महिने सगळ्यांच्या आकड्यांतून बारकीचा आजार वजा करत होती. जे जागच्या जागी होते ते एकनं खाली दिसले, त्यावर मोठे डॉक्टर शीळ घालत होते. आणि जो कागदावर जागच्या जागी दिसतो तो खरा एकनं वर गेलेला. कटर मास्तर.

"तुमच्या कारखान्यात बेरिंगच्या गोळ्या असतात ना? सोळा मिलिमीटरची मिळेल?"

"मूठभर मिळतील. कशाला?"

"एकच हवी. नवी, डाग नसलेली. आणि मोजून द्या मला, तुमच्या त्या बारीक मापानं."

फिटरनं बायकोकडं नीट पाहिलं. ही बाई भांडायला लागली की बडबडते आणि भ्याली की मोजकं बोलते, हे त्याला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. जेवण न करता तो परत सायकलवर बसला. रात्रपाळीच्या स्टोअरकीपरकडून गोळी घेऊन तासाभरात आला. तेलकट कागदात गुंडाळलेली, वर पेन्सिलीनं लिहिलेलं: १६.००.

सकाळी सातला तिनं बारकीला बरोबर घेऊनच खोली उघडली. गोळी स्पिरिटनं पुसली, जुन्या गोळ्याच्या खोबणीत बसवली. वजा एक पॉइंट एक तसंच ठेवून नकाशा काढला. एक्केचाळीस पॉइंट एक. मग दुरुस्तीच्या रकान्यात शून्य घातलं आणि पुन्हा काढला.

बेचाळीस पॉइंट दोन.

यंत्र अगदी खरं बोलत होतं. दहा महिने तेच एकटं खरं बोलत होतं.

"बस," ती बारकीला म्हणाली.

"सोमवार काल झाला की."

"बस म्हणते ना."

खट्. चव्वेचाळीस पॉइंट तीन. सोमवारी ती फक्त आकडा बघायची, नकाशा कोण बघतंय? ओळखीच्या माणसाचं तोंड आपण रोज बघतो का? आता तिनं नकाशा बघितला. हिरव्याच्या खालच्या अंगाला नखाएवढा तांबडा डाग. असे डाग तिनं हजार पाहिले होते. पलीकडं दुसरं कुणी असतं तर तिनं डोळे मिटून सांगितलं असतं.

बारकीही पाच वर्षं दवाखान्यात होती. तिला तांबड्याचा अर्थ कळत होता. ती स्टुलावरून वाकून पडद्याकडं बघत राहिली.

"वहिनी, दर सोमवारी तू माझ्या डोळ्यात बघतेस."

"हो."

"आणि तुला दिसलं नाही?"

"मी यंत्र तपासत होते गं."

"काखेत कळसा," बारकी म्हणाली. पण पुढचं म्हटलं नाही. तिचा हात सवयीनं डोळ्याकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. तो हात कुठं ठेवावा हेच तिला कळेना. शेवटी तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

"तुझं आत्ताच सुरू झालंय," नकाशाबाई म्हणाली. "जाडी भरपूर असणार. तुला वेळ आहे. मास्तरला आहे का ते मला माहीत नाही."

मोठे डॉक्टर आठला येत. ती वही, गोळी आणि चपटा गोळा घेऊन त्यांच्या टेबलापुढं उभी राहिली. बसा म्हणाले तरी बसली नाही. पाच मिनिटांत सगळं सांगितलं, पहिल्यापासून, गोळा हातातून कसा पडला तिथपासून.

डॉक्टरांनी चपटा गोळा बोटांत फिरवून पाहिला.

"माझी ती सुधारलेली माणसं?"

"सुधारली नाहीत सर."

"एकही नाही?"

"नाही."

"दहा महिने." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच तिला जास्त लागलं. "बाई, गोळा पडला त्या दिवशी चार पायऱ्या चढून मला सांगता आलं नाही?"

"आलं असतं सर. मी आले नाही."

त्यांनी वही ओढून घेतली. तारीखवार लिहिलेलं: किती वजा, कधीपासून. ते पान उलटत गेले. "एवढं लिहून ठेवलंय ते तरी बरं. परत मिळवता येईल. आकडे परत मिळवता येतील," ते म्हणाले, "जाडी नाही मिळवता येत. किती जण सुटले?"

"मी आत्ता सकाळी काढलं. अकरा."

"सगळ्यात पातळ कोण?"

"कटर मास्तर. अकरा महिन्यांपूर्वी चारशे एकतीस होती. मधल्या खेपेला आकडा स्थिर दिसला म्हणून मोजली नाही."

डॉक्टरांनी तोंडानं हिशोब केला असावा, कारण ओठ हलले. मग म्हणाले, "बोलवा. आज. आत्ता."

कारखान्यात फोन मालकानं घेतला. मागं मशीनचा घरघराट. "मास्तर थरावर उभाय. संध्याकाळी पाठवतो."

"त्याला त्या पात्यापासून आधी बाजूला करा," नकाशाबाई ओरडली. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीतून नर्स डोकावली. "आणि रिक्षात बसवून पाठवा."

मास्तर आला तो चिडूनच. "काल स्थिर होतो. रात्रीत काय घोडं पळालं?"

तिनं त्याला स्टुलावर बसवला. शून्य घालून नकाशा. एकोणपन्नास पॉइंट आठ. मग डोळा बधिर करायचे थेंब टाकले आणि जाडी मोजायची दांडी हातात घेतली, पेन्सिलीएवढी. टोक काचेला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, पाच वेळा. पाचांतला सगळ्यात कमी आकडा धरायचा. डॉक्टर तिच्या मागं उभे राहिले.

चारशे बारा.

चारशे नऊ.

चारशे दहा.

तिसऱ्यानंतर तिनं हात खाली घेतला, मनगट झटकलं, पुन्हा धरला.

चारशे तीन.

पाचव्यांदा टेकवायचं धैर्य तिला होईना. तीनशे नव्व्याण्णव आला तर मास्तरला घरी पाठवायचं. नियम तिनंच बारा वर्षं लोकांना सांगितला होता.

"टेकवा," मागून डॉक्टर म्हणाले.

चारशे सात.

"चारशे तीन धरा," डॉक्टर म्हणाले. "दुपारी दोनला घेऊ." आणि ते गेले. दारात थांबून म्हणाले, "त्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

नकाशाबाईनं दुसरं स्टूल ओढलं, यंत्र मधे न घेता त्याच्या समोर बसली आणि सांगितलं. मास्तर ऐकत होता. बधिर डोळ्यातून पाणी गळत होतं, ते पुसायला तिनं कापूस दिला, त्यानं घेतला नाही.

"म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं."

"खरं होतं."

"आणि शिक्का मारलात."

"मारला."

"आमच्यात माप चुकलं तर कापड उसवता तरी येतं." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "गेलेलं परत दिसेल का? ती एकच रेघ?"

"नाही. आहे तेवढं राहील. कडक लेन्स घातली तर रेघ पुष्कळ जुळेल. पण जे गेलं ते गेलं."

"दुसऱ्या कुणाकडून करून घेतो मी. तुम्ही नकोत."

"उजेड डॉक्टरच धरतील. थेंब मी टाकते, दर दोन मिनिटांना. हे काम येणारी दुसरी बाई सुट्टीवर आहे. तिच्यासाठी थांबायचं तर सोमवार उजाडेल."

"सोमवारी किती असेल? ते चारशे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. तपासायला आलेल्या माणसाला ती आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य म्हणाली असेल.

मास्तर यंत्राला धरून उभा राहिला. मग बसला.

त्या अकरांपैकी दहा जण आठवड्यात येऊन गेले. नऊ रेषेच्या वर निघाले. एक कॉलेजातला पोरगा तीनशे अठ्ठ्याऐंशीवर होता. त्याच्या आईला नकाशाबाईनंच सांगितलं. ती बाई काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि ती चूक बोलली असंही नाही. अकरावा सापडलाच नाही. त्याचा फोन बंद. नकाशाबाई अजून दर आठवड्याला तो लावून बघते. मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतलं भाषण रद्द केलं, तिला लेखी ताकीद दिली आणि स्टुलावर ठेवली. बारकीचं नाव अभ्यासाच्या यादीत चढलं, धडधाकटांच्या नव्हे, दुसऱ्या रकान्यात. तिच्याही डोळ्यावर उजेड धरून झालाय. घरात ती वहिनीशी महिनाभर कामापुरतंच बोलली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी दोनला मास्तर टेबलावर उताणा पडला होता, पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या धरलेल्या, वर जांभळा ठिपका. डॉक्टरांनी दिवा लावला. अर्धा तास. नकाशाबाई पिवळ्या औषधाची पिचकारी घेऊन उशाशी उभी राहिली, नजर घड्याळावर.

दोन मिनिटं. थेंब. दोन मिनिटं. थेंब.

"बाई," मास्तर ओठ न हलवता म्हणाला.

"बोलू नका. डोळा हलतो."

"हात थरथरतोय तुमचा. दिसतंय मला."

तिनं कोपर टेबलाच्या कडेला रोवलं, दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि पुढचा थेंब टाकला. तो बरोबर मधोमध पडला.